रात्रीची मोजणी

एप्रिल. कांडोळाच्या खोडाचं तापमान
रात्री साडेनऊलाही एकतीस.
मी वहीत लिहिते. लाडक्या भुरकूड
खोडाला तळहात लावून म्हणतो,
'ताप उतरला नाय अजून.'

साग केव्हाच उघडा झालाय.
पायाखाली पानांचा थर, एकेक पान चुगलखोर;
आम्ही पोचायच्या आधी आमची बातमी पोचते.
म्हणून दहा पावलं, मग थांबायचं.
विजेरी बंद.
कान निवले की विजेरी चालू.

पहिली दिसते ती पाल नसतेच.
ऐनाच्या सालीचा तडकलेला एक खवला असतो,
आणि त्याला, उशिरा, डोळा फुटतो.
उभी फट. पापणी नाही.
धूळ बसली की जीभ काढून
ती स्वतःचा डोळा चाटून पुसते,
मग आमच्याकडे बघते, किंवा बघत नाही.

वही: ऐन, दीड मीटर उंचीवर, मादी,
पोटाच्या कातडीतून दोन अंडी दिसतात.
शेपूट: पुन्हा उगवलेली.
त्यासाठी रकाना आहे.
कुणाच्या तोंडात सोडून आली, त्यासाठी नाही.

घरी, दिंडोशीला, ट्यूबमागची चुकचुकली की
आई बोटानं तीनदा टेबल वाजवते,
कृष्ण कृष्ण म्हणते,
बोललेलं खरं ठरलं म्हणून.
रानातली मी अजून ऐकलेली नाही.
चाळीस रात्री झाल्या.

ओढ्यापलीकडे कुंपणालगत नवा दिवा लागलाय.
पांढरा. त्याच्या खांबावर सोळा पाली,
सगळ्या घरातल्या, पोटं तट्ट,
पंख तोंडाबाहेर लोंबणारे.
तिथून आत साठ पावलांपर्यंत
ऐन: शून्य. कांडोळ: शून्य. कातळ: शून्य.
शून्याला वेळ लागतो,
प्रत्येक साल दोनदा पाहावी लागते.

'किडं दिव्याला गेलं,' लाडक्या म्हणतो,
'हिनं काय साल खायाची?'

मग तो मला कातळातली एक फट दाखवतो.
त्याच्या बापाला माहीत होती.
आत जुन्या अंड्यांच्या कवचांच्या चकत्या,
एकीवर एक, चुन्याच्या ठिपक्यांसारख्या,
कितीतरी उन्हाळ्यांच्या.
आणि कोपऱ्यात, चिकटवलेली,
दोन भरीव.

मी विजेरी विझवते.
फट तरीही दिसत राहते.
लाडक्या काही न बोलता
तिच्यासमोर हात धरतो.
कातळावर सावली पडते,
फिकी,
पण पाचही बोटं मोजता येतात.