ओ साहेब

साहेबांचं आडनावच ओ.
हाक मारली तरी तेच, नाव घेतलं तरी तेच.
रबाळ्यात मशीन बसवायला आलेले,
चार दिवस केळी आणि दहीभात.
शनिवारी मला हुकूम : यांना नीट जेवू घाल.

वाशीत सेक्टर सतराला गेलो तर शटरवर
'भाड्याने देणे आहे'.
सीवूड्सच्या मॉलमध्ये भातावर मंचुरियन ओतून
वर तीळ भुरभुरवले होते.
साहेब मान लववून हसले, चमचा खाली ठेवला.
दोन वाजत आले. आधी माझंच पोट ओरडलं.

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीशेजारी,
सहा टेबलं. चालवणारी ऐझॉलची, लालरेमपुई.
वाटीत लालभडक कोबी ठेवून
ती आतल्या दारात थांबली,
पोहे देऊन गेलेली मुलगी
पडद्याआडून कान देते, तशी.

साहेबांनी चावलं. थांबले.
एकच शब्द बोलले.
मला कळला नाही, तिला कळला.
ओट्याखालून तिने दुसरी बरणी काढली,
तीन आठवड्यांची, फडक्याने तोंड बांधलेली.

मग बराच वेळ त्यांनी वर पाहिलंच नाही.
शेवटी वाटी माझ्याकडे सरकवली.
आंबट, तिखट, आणि मागून
काहीतरी घरचंच. त्याला शब्द आहे आपल्याकडे :
मुरलंय.
त्यांना शिकवला. 'मुल्लंय,' ते म्हणाले.

उरलेली बरणी बांधून घेतली. गाडीत असा वास
की जयेंद्रने चारी काचा खाली केल्या.
'आमचे सुकटीपुरं काय नाय यो,' म्हणाला,
आणि घणसोलीच्या सिग्नलला
हळूच हात मागे केला.