अकराच्या सुमारास

सर्जेकोटच्या जेटीवर माझं रिचार्जचं दुकान.
समोर लोक जाळी शिवतात,
मी लोकांचे फोन.

द्वारका कुबल आली, हातावर खवल्यांची चांदी तशीच,
फोन पदराच्या टोकात बांधलेला.
"ह्या बंद कर रे बाबा.
वाटे घालूक बसलंय की वाजता.
बाई म्हणता, अभिनंदन! कसला अभिनंदन?
तीन लाखांचा कर्ज माका मंजूर झाला म्हणे.
मिया कदी मागितलंय?"

मी तिला कायदा सांगितला, मला कळतो तेवढा.
एकोणीसशे नऊवर एक मेसेज.
सगळं बंद करता येतं, किंवा थोडं थोडं:
बँका नकोत, फ्लॅट नकोत, शिकवण्या नकोत.
आपल्या निवांतपणाचेही कुणी बसून वाटे घातलेत,
प्रत्येक वाट्यावर एक आकडा.

मेसेज गेला. पोच आली.
पंधरवड्याने द्वारका परत.
बाई तीच, नंबर नवा.

मग तक्रार. फॉर्म विचारतो:
कुठला नंबर, कुठली तारीख, किती वाजता?
"अष्टमीचो भांग होतो," ती म्हणाली,
"सुकती लागलेली. मुळे काढूक उतरलंय."
मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून अष्टमी शोधली.
सुकती म्हणजे सकाळचे अकरा, सुमारास.
फॉर्मला सुमार चालत नाही.
अकरा वाजून सात मिनिटं, मी ठोकून दिलं.
खोटं होतं.
पण बाईने सांगितलेलं बँकेचं नाव तरी कुठे खरं होतं?

मग म्हटलं, एक सोपा उपाय आहे.
अनोळखी नंबर वाजणारच नाही, फोनमध्येच सोय असते.
मी बटणावर बोट नेलं,
तिने मनगट धरलं माझं.
थंडगार हात, बर्फातून काढलेला.

"माजो झील टँकरार आसा.
दर बंदराक नवो नंबर.
कदी खलाशाचो, कदी खानावळवाल्याचो.
वळखीचो नंबर माका येतलो खयसून?"

बाजूला कुणीतरी बर्फ फोडत होतं.
मी यादी पुन्हा वर-खाली केली.
बँका, फ्लॅट, शिकवण्या, गाड्या, सहली.
तिच्यासाठी रकाना नव्हता.

रिचार्जचे पैसे मोजून ती निघाली.
लिलावाच्या शेडपर्यंत पोचली असेल, फोन वाजला.
तिने डोक्यावरची पाटी उतरवली,
हात लुगड्याला पुसले, एक, मग दुसरा,
फोन कानाला लावला.

इथून काही ऐकू येत नव्हतं.
पाठ माझ्याकडे. बोलत नव्हती, ऐकत होती.
बाई असती तर एव्हाना शिवी घातली असती.
मी दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं,
बोंबलांवरचे कावळे कुणी हाकलत नव्हतं.

एक मिनिट.
एक मिनिट चाळीस.