साल

गुरुवारी सहाच्या सुमारास डेल्मर मागच्या दाराने येतो,
काठी फ्रिजला टेकवतो, आणि बसतो
बँकेत नंबर लागायचा असल्यासारखा.
झटक्यानंतर उजवा हात त्याचं ऐकत नाही.
म्हणून ओल्ड फॅशन्ड करायचं मी,
सांगायचं त्यानं.

गुरुवार माझा उपासाचा.
"मग चव कशी बघणार?" पहिल्यांदा विचारलं होतं त्यानं.
मी म्हटलं, आमच्याकडे नैवेद्य चाखत नाहीत,
मीठसुद्धा वासावर कळतं.
तो हसला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

आज साखरेचे चौकोन संपलेत.
डब्यातली खडीसाखर टाकते जाड बुडाच्या ग्लासात,
वर बिटर्स, दोन थेंब
(काडेचिराइताचा काढा, नाक दाबून घेतलेला),
तिसरा सांडतोच.
"सांडला तर सांडला. घोट."
चमचाभर पाणी. खडा हट्टी,
लाकडी बत्त्याखाली कुरकुरतो.

तो खिडकीतून माझी भिंत बघत बसतो.
दर एप्रिलला मी ती ब्लीचने घासते, ऑक्टोबरला परत काळी.
टेकडीवरच्या गोदामांतून व्हिस्की उडते थोडी थोडी,
तिच्यावर जगते ही बुरशी.
अख्खं बार्ड्सटाउन न पिता काळं.
"चौतीस वर्षं पिंपं बांधली," डेल्मर म्हणतो,
"काही गळकी होती. माफ कर."

डॉक्टरनं त्याला एक माप सांगितलंय,
रोवेनानं, त्याच्या मुलीनं, अर्धं.
त्याला हवीत दोन.
मी एक ओतते आणि थोडं,
त्या वेळी तो लेबल वाचत असतो, मोठ्यांदा.
नऊ सालं बाटलीवर.
बर्फाचा एकच मोठा तुकडा. ढवळायचं, हिसळायचं नाही.

मग संत्रं. फ्लोरिडाचं, मेणचट,
काटोलच्या माणसाला दाखवू नये असं.
पण साल ती साल.
वीज गेली की मेणबत्तीशी बसून पिळायचो आम्ही,
ठिणग्यांसाठी,
नाहीतर धाकट्या सुधन्वाच्या डोळ्यात, तो रडेपर्यंत.
हे डेल्मरनं शिकवलेलं नाही.
काडी ओढते, ज्योतीपुढे साल दुमडते.
तडतड. चार ठिणग्या.
ग्लासावर करपलेलं काहीतरी गोड.

तो पुढे वाकतो. "परत."

पिंप आतून जाळतात, त्यानंच सांगितलं होतं कधी:
पंचावन्न सेकंद, जाळ तोंडातून वर येतो,
मग पाणी, मग फुस्स,
आत मगरीच्या पाठीसारखा कोळसा.
"हा वास," म्हणतो,
आणि पुढचं राहतं.
उजवा हात टेबलावरून बोटभर उचलतो,
थांबतो.
मी ग्लास डाव्यात देते.

एक घोट. "कमी आहे."
"डॉक्टरला विचार."
"साल मात्र बरी होती."

ओट्यावर उघडं संत्रं उरतं, अर्धंमुर्धं सोललेलं.
ते मी उभ्याउभ्याच खाते, फोड फोड.
उपासाला चालतं.