शुक्रवारच्या पिशव्या

एव्हलेथच्या सुपरमार्केटात, सातव्या रांगेत,
मी चष्मा कपाळावरून खाली ओढते
आणि पाकीट उलटं करते.
पुढचं काय वाचायचं? पुढे एक ओंबी असते,
हसणारं अस्वल असतं,
‘थेट शेतातून’ असं तिरप्या अक्षरांत असतं.
खरं काय ते मागे, मुंगीच्या पायांएवढं:
साखर. मग कॉर्न सिरप. मग आटवलेला उसाचा रस.
एकच चोर, तीन नावांनी हजेरी लावतो.

ते ठेवून देते. दुसरं घेते.
ओट्स, खजूर, सूर्यफुलाच्या बिया, मीठ.
मोठ्यानं वाचले तरी समजतील असे शब्द.
शेंगदाणे नकोत, तिसरीतल्या एका मुलीचा घसा
नुसत्या वासानं सुजतो.
किंमत मात्र दीडपट.
जमलेले एकशे चाळीस डॉलर, पिशव्या बासष्ट.
हिशेब करताना माझे ओठ हलतात,
शेजारचा माणूस आपली गाडी जरा लांबून नेतो.

गुरुवारी चर्चच्या तळघरात पिशव्या भरतो आम्ही.
ऑर्व्हिल, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला,
पुन्हा पुन्हा सांगतो : गाठ सैल मारा,
सहा वर्षांच्या बोटांना सुटली पाहिजे.
आणि चुरचुरणारी पिशवी नको.
दप्तरातून आवाज येतो, मुलं वळून बघतात.

त्याला हे कसं ठाऊक, मी विचारत नाही.
मला कसं ठाऊक, तो विचारत नाही.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात खाण बंद पडली तेव्हा
आई शेजारच्या गावच्या रांगेत उभी राहायची,
आपल्या गावात ओळखीचे फार.
विटेएवढं पिवळं सरकारी चीज आणायची,
आणि एकदा एक खोकं,
कुणीतरी कपाट आवरून दिलेलं :
जुना मोहरीचा सॉस, लग्नातल्या बदामांची पुरचुंडी,
आणि वजन घटवायच्या पावडरीचे चार डबे.
आई हसली. हसत राहिली.
मग सिंकचा नळ सोडून तिकडे तोंड करून उभी राहिली.
त्या दिवसापासून मी पाकिटं उलटी करून वाचते.

म्हणून मला वाटायचं, मला सगळं कळतं.

मग एका सोमवारी कोल्टन आला.
मी दुपारी वाचनालयात पुस्तकं लावते, तिथे.
खिशातून दोन खजुराचे बार काढून टेबलावर ठेवले.
‘आवडले नाहीत?’
‘आवडतात.’
बुटाचा अंगठा फरशीवर घासत राहिला.
‘पण डब्यातून हा काढला की
सगळ्यांना कळतं, शुक्रवारवाला आहे.
दुकानातला कुणीच आणत नाही ना हा.’

चार शब्द नीट वाचले होते मी.
पाचवा, पाकिटावर कुठेच नसलेला,
एका आठ वर्षांच्या पोरानं वाचून दाखवला.

त्या संध्याकाळी पुन्हा सातवी रांग.
या वेळी माझ्या पर्समधले पैसे.
नातवाच्या डब्यात एक बार. एमेट कुरकुरला,
‘यात चॉकलेट नाही.’
‘नाही.’
एक डबा शिक्षकांच्या खोलीत. एक हॉकीच्या प्रशिक्षकाकडे,
सरावानंतर वाटा, म्हटलं, कारण विचारू नका.
दंतवैद्याच्या बायकोला फोन केला,
तिची जुळी मुलं अख्ख्या चौथीत भाव खातात.
तिनं कारण विचारलं.
मी म्हटलं, दातांना चांगले असतात.
देव मला क्षमा करो, खजूर दातांना चिकटतो.

एवढ्यानं कुणाची भूक भागत नाही.
शनिवार-रविवार तेवढेच लांब राहतात,
बासष्टच्या सत्तर पिशव्या झाल्यात,
आणि परवा ऑर्व्हिल गाठ मारताना
बराच वेळ काही बोलला नाही.

पण जेवणघर झाडणारी डार्लिन सांगत होती,
सोमवारी कचऱ्याच्या डब्यात
तीसेक कागद होते, सगळे एकसारखे,
कुठला कुणाचा, काही कळत नव्हतं.
आणि एक बार अख्खा, न फोडलेला.
तोही कुणाचा,
कळत नव्हतं.