नाव राहू दे

गांधीबागेत, पत्रिकांच्या दुकानात,
कूलरचं पाणी संपलेलं, खस कोरडी,
आणि कुमुद पराते सांगतात,
"फोल्डरवर उजवं बटण दाबलं का
यादी लोंबते पाय, मारुतीच्या शेपटीवानी.
थोडी कापून दे."

दाबलं. खरंच लोंबली.
कधीच उडवलेल्या अँटिव्हायरसचं नाव,
दोन झिपवाले, एकमेकांशी न बोलणारे,
एक गाण्यांचा प्लेअर, पत्रिकांशी घेणं ना देणं,
आणि सगळ्यांच्या खाली, मराठीत:
हेमराज, पाहून घे.

हे कुठल्या कंपनीचं नव्हतं.

आधी रेजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली,
ते मला एका मेलेल्या मशीननं शिकवलंय,
मग उतरत गेलो.
डिरेक्टरी, तिच्यात शेल,
शेलमध्ये एक किल्ली,
किल्लीच्या पोटात कमांड, एकच ओळ:
उचल हा फोल्डर, नेऊन ठेव
दोन तिरप्या रेघांपलीकडे
हेमराज नावाच्या मशीनवर, 'प्रूफ'मध्ये.

आतल्या खोलीत टेबल होतं.
मशीनच्या जागी हळदी लिफाफ्यांचे गठ्ठे,
भिंतीतून आलेली लॅनची निळी वायर,
टोकाची क्लिप तुटलेली.

"वेलांटी चुकली का जेवण जात नव्हतं त्याइले.
गेले, अन् पहिल्याच सीझनले
वाडीच्या ढोबळ्यांच्या पाचशे पत्रिका गेल्या.
वर सोनेरी अक्षरात: शुभविवाद."
हसल्या. पदरानं कीबोर्ड पुसला, स्वच्छच होता.
"सवयीनं दाबतो मी अजून.
मशीन म्हणते, जागा सापडत नाही."

प्लेअर गेला. अँटिव्हायरसचं भूत गेलं.
झिपवाल्यांतला एक ठेवला, धाकटा.
शेवटच्या किल्लीवर आलो तर
मशीननं विचारलं, कायमची काढू?

"थे नको काढू गा.
नाव राहू दे. फक्त थे एरर नको."

नाव एका घरात असतं, काम दुसऱ्या,
रेजिस्ट्रीत ही सोय पहिल्यापासून आहे.
दहा वर्षं झाली या धंद्यात,
कामासाठी नाव बदलून मागणारे पुष्कळ भेटले.
मी फक्त आतली ओळ खोडली, लिहिली:
उचल हा फोल्डर, ठेव इथंच,
याच मशीनवर, 'प्रूफ'मध्ये.

बाईंनी सोनटक्क्यांच्या लग्नावर नेम धरला.
उजवं बटण. यादी आता बोटभर.
हेमराज, पाहून घे.
काही वाजलं नाही.

"गेली?"
"गेली."
"कुठं?"
"तुमच्याचकडे, काकू."

अडीचशे झाले होते. तीनशे दिले,
सुटे नाहीत म्हणाल्या, गल्ला उघडाच होता.
मग गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला,
फाईल उघडली,
स्क्रीनला बोट टेकवून, ओठ हलवत,
शु,
भ,
वि,
वा,

मी बॅगेची चेन हळू लावली.