परतीची वेळ आधी

डेल्फिना नकाशावर राजम्याचे दाणे मांडते,
दर अर्ध्या मैलाला एक.
"सातच्या पुढे नाही," ती म्हणते.
टेबलाखालचा गुडघा ऐकून घेतो.

टूसॉनला डिसेंबरात
सव्वापाचलाच ऊन डोंगराआड जातं,
म्हणून वहीत परतीची वेळ आधी लिहायची,
निघायची नंतर.
दोन संत्री. थंडी असली तरी पाणी.
चोया निवडुंगाचे काटे उपटायला
दात तुटलेला कंगवा.

गेल्या हिवाळ्यापर्यंत ऑर्विल होता.
ती चहा ओतायला वळली की
तो शेवटचा दाणा पुढे सरकवायचा.

उद्या कोरड्या ओढ्याची वाट.
वाकड्या सगुआरोपाशी वळायचं,
तिथून घराचं छप्पर दिसतं.

सातवा दाणा ठेवून
ती चहा ओतायला उठते.
परत येते,
बघते,
बोटाने तो स्वतःच जरा ढकलते.

वहीतली वेळ मात्र तीच.