काठी कुठवर ओली

जुहूच्या धावपट्टीवर बत्तीस वर्षं
मी एका लाकडी काठीने पेट्रोल मोजलं.
पंखावर चढायचं, झाकण फिरवायचं, काठी बुडवायची,
कुठवर ओली ते बघायचं
आणि वाळायच्या आत आकडा लिहायचा.
छोट्या विमानातल्या काट्यांचा भरवसा नसतो.
काठी खोटं बोलत नाही.
बोलतो ते आपण.

होशांग फिटर. आडनावात फिटर,
पाना कधी हातात धरला नाही.
सपाता घालून यायचा, आत बसल्यावर बूट चढवायचा.
चेकलिस्टची घडी करून
डुगडुगत्या सीटखाली सारायचा.
"अरे विश्राम, डोकं हाय ने, कागद कशाला?"

वर्सोव्याला बोंबलांच्या वलांड्यांवरून
तो इतका खालून जायचा
की कोळणींच्या शिव्या, म्हणे, त्याला वर ऐकू यायच्या.
सात बंगल्याला तिसऱ्या मजल्यावर एक बाई होती.
तिच्या गॅलरीला रोज पंख हलवून सलाम.
एकदा मलाही शेजारी बसवून नेलं.
माझ्या पोटात गोळा, आणि तोंडाने मी हसत होतो.
खरंच हसत होतो.

त्या दिवशी काठी बोटभर ओली.
सांगितलं त्याला.
"बोटभर पुष्कळ झालं. मनोरीला वळसा घालून आलोच."
वहीत लिटरचा रकाना होता.
मी लिहिलं : पुरेसं.

गोराईच्या खाडीवर इंजिन गप्प झालं.
संध्याकाळी तो चालत आला,
गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बूट,
आणि रुमालात बांधलेली एक जिवंत चिंबोरी.
अख्खा हँगर हसला. चहा माझ्याकडून.

पुढे ती गोष्ट दरवर्षी सांगितली गेली
आणि दरवर्षी तिच्यातलं पेट्रोल कमी होत गेलं.
आधी बोटभर, मग अर्धं बोट,
शेवटी शेवटी तर होशांग नुसत्या वासावर उडत होता.
सगळ्यात छान मीच सांगायचो.
चिंबोरीपाशी थांबायचं, मग तिला सोडायचं.

प्रद्योत कोठारे सायकलवरून यायचा,
हँडलला डबा. एकोणीस वर्षं, एकसष्ट तासांचं उड्डाण.
पंखाखाली माझा पाना धरून उभा राहायचा.
त्याने विचारलं, "काका, बोटभर म्हणजे?
आडवं बोट की उभं?"
सगळे इतके हसले
की उत्तर द्यायचं राहून गेलं.

मी रजेवर होतो. भाचीचं लग्न, कुडाळला.
काठी त्याने स्वतःच बुडवली.
काठी कुठवर ओली होती कोण जाणे.
सलाम मात्र गॅलरीला नाही,
आईच्या शाळेच्या पटांगणाला केला, दोनदा,
मुलांनी हात हलवले.
मग मनोरीचा वळसा.
मग तीच खाडी.

होशांगला ओहोटी मिळाली होती.
गोष्टीत हे कुणी कधी सांगितलं नाही,
मीही नाही. चिखल सांगितला,
चिखल वर कधी येतो ते नाही.
पोराच्या वाट्याला पौर्णिमेची भरती आली,
दुपारी बाराची.

होशांग तिसऱ्या दिवशी आला. बूट घालूनच.
काठी मागितली, हातात फिरवली,
टोक नाकाशी नेऊन वास घेतला
आणि ठेवून दिली.
पुढच्या रविवारी तो परत उडाला.
मीच पेट्रोल भरलं. काठोकाठ.

चौकशीचे साहेब मितभाषी होते.
जुन्या वह्या मागवल्या, पानं उलटली,
दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.
इकडे एक पुरेसं, तिकडे एक पुरेसं.
म्हणाले, "अक्षर एकाचंच दिसतंय."

मी म्हटलं, हो.